सोनारमेटचा उतार

होडगे आबांनी गाडी टेम्पोत घालून आणली तेव्हा तिचं पुढचं चाक फिरतच नव्हतं. टेम्पोवाल्यानं मागची बाजू धरली, मी हँडल धरलं आणि फळीवरून खरवडत आम्ही ती खाली घेतली. गॅरेजच्या दारातल्या फरशीवर पुढच्या टायरनं काळी रेघ ओढली.

"नऊ महिनं झालं, गोठ्यात उभी हाय," आबा म्हणाले. "आज हलवाय गेलो तर हलंना. तेवढं चाक फिरतं करून दे, रुझार. गिऱ्हाईक बघितलंय."

"विकतासा?"

"मग काय पुजू तिला?"

आबा बाकड्यावर टेकले. त्यांनी गाडीकडं पाठ केली आणि रस्त्याकडं बघत राहिले.

आबा म्हणजे रामचंद्र होडगे, वायरमन म्हणून निवृत्त झालेले. माझं गॅरेज आजऱ्यात, गडहिंग्लज रस्त्याला, आणि त्यांचं घर तिथून दहाबारा घरं सोडून. ही लाल गाडी त्यांनी नोकरीत असताना घेतली होती. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेल्या गाड्या तेव्हा आजऱ्यात चारपाचच होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती लेकीला दिली. पोराला नाही, लेकीला. त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली म्हणतात. पण विजयमाला आरोग्यसेविका होती, तिच्या वाटणीला डोंगरातल्या वाड्या होत्या, आणि त्यांतली शेवटची सोनारमेट. तिथवर स्कूटर चढत नव्हती. आबांनी स्वतः बाजारतळाच्या मैदानात पंधरा दिवस मागं बसून तिला गाडी शिकवली. मग कॅरिअरला लशीचा निळा डबा बांधून ती निघाली, की आबा गॅरेजात येऊन सांगायचे, "माझी विजू मेटाचा चढ दुसऱ्या गिअरात चढवती. तुझ्या गिऱ्हाइकातला एक गडी दाखव."

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत विजू आईला मागं बसवून मेटावर गेली होती. आईला तिथल्या देवीची ओटी भरायची होती. येताना उतारावरच्या शेवटच्या वळणाला गाडी पडली. विजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आईचं डोकं रस्त्याखालच्या मोरीच्या दगडावर आपटलं, आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. पंचनाम्यात लिहिलं गेलं, चालकाचा ताबा सुटला. गावानं तेच आपल्या शब्दांत सांगितलं. आबांनी लेकीशी बोलणं टाकलं. ती वरच्या आळीत एक खोली घेऊन राहायला लागली.

"आबा, शुक्रवार हाय, बाजार करून या," मी म्हणालो. "दुपारपातूर खोलून ठेवतो."

ते उठले. जाताना म्हणाले, "लई दिवस पडल्यानं जाम झालं असंल, न्हवं?"

"व्हय. तसंच असणार."

त्या नऊ महिन्यांत मी ती गाडी बघायला एकदाही गेलो नव्हतो. दहा घरांच्या पलीकडं होती. अपघात झालेली गाडी बघायला गावातला प्रत्येक मेकॅनिक जातो, कोणी न बोलावता जातो. मी नाही गेलो.

चाक वर उचलून मी आधी डिस्क पुसली. वरचा गंज फडक्याला लागून आला आणि खाली निळी झाक दिसली. आगीत तापवलेल्या सुरीच्या पात्याला येते तशी, सगळीकडून, वर्तुळभर. पडून राहिलेल्या गाडीची डिस्क तांबूस होते. निळी होते ती चालत्या गाडीची, ब्रेक तासभर धरून बसला तर.

मी कॅलिपरचे दोन बोल्ट काढले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणारा ब्रेकचा जबडा. तो डिस्कवरून निघेना. स्क्रू ड्रायव्हर घालून, हलवून हलवून काढला. ब्रेकच्या पट्ट्या जळून काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या. लिव्हर दाबून बघितली, आतला पिस्टन जागचा हलेना. शेवटी कॅलिपरच्या तोंडाशी फडकं दाबून कॉम्प्रेसरची हवा दिली, तेव्हा पिस्टन फाटकन बाहेर आला.

पिस्टनभोवती रबराच्या दोन कड्या असतात. आतल्या खाचेत त्या घट्ट बसतात, आणि ब्रेक सोडला की पिस्टनला मागं ओढून घेतात. त्या दोन्ही कड्या फुगल्या होत्या. एक तर खाचेतून वर येऊन पिस्टनवर चढली होती. पाण्यात रात्रभर राहिलेल्या वाटाण्यासारखी मऊ लागत होती. आणि तिच्यावर तपकिरी ग्रीस होतं.

ते ग्रीस माझ्या डब्यातलं होतं.

जानेवारीतला शनिवार होता तो. दुसऱ्या दिवशी पोलिओचा रविवार. दुपारी विजू आली आणि म्हणाली, "रुझारदादा, पुढचा ब्रेक धरून बसतोय. चाक गरम होतंय."

मी कॅलिपर खोलला. मेटाची तांबडी धूळ आणि गंज, दुसरं काही नव्हतं. पिस्टन बारीक पॉलिश पेपरनं घासला, धुतला. रबरं चांगली होती, तीच परत घालायची होती. त्या रबरांना वेगळं ग्रीस लागतं, पांढरं, छोट्या नळीत येणारं. नळी संपली होती. मी ती पिळून बघितली, कात्रीनं कापून आतून बोट फिरवलं. काही निघालं नाही. नवी नळी कोल्हापूरहून गुरुवारी यायची होती.

माझे उस्ताद गडहिंग्लजचे बाबालाल. त्यांनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, "रबराला साधं ग्रीस दाखवायचं न्हाई. रबर फुगतं. फुगलं की पिस्टन मागं येत न्हाई, मग ब्रेक आपला आपणच धरतो." म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

विजू बाकड्यावर बसून पोरांची यादी करत होती. "मेटावर सव्वीस पोरं आहेत," ती म्हणाली. "उद्या आठला पोचायलाच पाहिजे. होईल नं?"

"झालंच," मी म्हणालो, आणि बेअरिंगच्या ग्रीसच्या डब्यात बोट घातलं. हरभऱ्याएवढं घेतलं. मनात म्हटलं, गुरुवारी नळी आली की बोलावून घेऊ आणि धुऊन परत बसवू, अर्ध्या तासाचं काम. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग गुरुवारपर्यंत मी दुसऱ्या कोणाची गाडी बघते. एवढं साधं होतं.

गुरुवारी नळी आली. त्यानंतर विजू गॅरेजवरून दोनतीनदा गेली. तिनं हात वर केला, मीही केला. हातात काम होतं. म्हटलं, उद्या बोलावू. तीन आठवडे गेले.

मी फुगलेल्या कड्या वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून खिशात घातल्या. पिस्टन रॉकेलच्या ताटलीत टाकून वर फडकं टाकलं. हात धुतले, आणि मागं वळलो तर विजू दारात उभी होती.

वाळली होती. डावा खांदा जरा उतरलेला दिसत होता. "आबा आहेत?"

"बाजारात गेल्यात."

"गाडी आणलेली कळली म्हणून आले. उघडलंत?"

"उघडलंय."

"काय निघालं?"

मी पाना पुसायला घेतला. "बस की आधी."

ती बसली नाही. गाडीजवळ आली. नऊ महिन्यांत तिनंही ती पहिल्यांदाच बघितली असावी. हात पुढं केला आणि टाकीला न लावताच मागं घेतला.

"दादा, मी पुढचा ब्रेक दाबला नव्हता," ती म्हणाली. "मेटाच्या उतारावर वाळू असते, पुढचा दाबायचा नाही, हे आबांनीच शिकवलेलं. मी गिअरवर उतरवत होते. निघाल्यापासून गाडी जड ओढत होती. उतार असून जड. मला वाटलं, आई मागं बसलीय म्हणून असेल. मग वळणावर चाकानं आपोआपच धरलं."

"हे पोलिसांस्नी सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगितलं. पंडित म्हणाला, आईला मारलंस आणि वर गाडीवर ढकलतीस." पंडित म्हणजे तिचा थोरला भाऊ. "आता मलाच कळेनासं झालंय. रोज तेच आठवून आठवून पुसट झालंय सगळं. दाबलाही असेल. घाबरून दाबला असेल. म्हणून विचारते. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

मी पाना पुसतच होतो. तिनं वाकून डिस्कवर बोट फिरवलं.

"ही निळी का झालीय?"

"पडून हाय न्हवं एवढं दिवस. पावसाळा गेला तिच्यावर. तसा रंग चढतो लोखंडाला."

"गोठ्यात होती. पाऊस लागला नाही तिला."

"दमट हवा असती, बाई."

मी तिला कधी बाई म्हणत नसे. विजूच म्हणायचो. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आणि आतलं रबर? जानेवारीत तुम्ही काढलेलं ते?"

"जुनं झालंय. नऊ महिन्यात धरलं असंल."

"नऊ महिन्यांत, की आधीपासून?"

"तेवढं कळत न्हाई त्यातनं."

तेवढ्यात आबा आले. हातात बाजाराची पिशवी, त्यातून कांद्याची पात बाहेर आलेली. ते दारातच थांबले. लेकीकडं न बघता मला म्हणाले, "रुझार, तिला सांग, हितनं जा."

विजू हलली नाही. "आबा, तुम्हीच विचारा त्यांना. माझ्यासमोर विचारा. एकदाच."

आबांनी पिशवी खाली ठेवली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत आम्ही तिघंही तसेच उभे होतो. मग आबा माझ्याजवळ आले. माझ्या दंडावर हात ठेवला.

"रुझार, तुला तुझ्या देवाची आण. गाडीत काय असंल तर सांग बाबा. जरा जरी असलं तरी सांग. मी हिला आत्ताच्या आत्ता घरला न्हेतो."

विजू माझ्याकडं बघत होती. आबाही बघत होते. दोघांचे डोळे अगदी एकसारखे होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

खिशातला कपटा मांडीला लागत होता. मला पोलीस दिसले, गॅरेजला कुलूप दिसलं, बायको मार्था आणि पाच वर्षांची लेक लुसी दिसली. हे सगळं खरंच दिसलं की नंतर मी स्वतःला समजवायला जोडलं, ते आज सांगता येत नाही. सरळ सांगायचं तर भ्यालो.

"गाडीत काय न्हवतं, आबा," मी म्हणालो.

आबांनी माझ्या दंडावरचा हात काढून घेतला. विजूनं ओढणी सारखी केली आणि ती गेली. चढाच्या रस्त्यानं, उन्हातून, जरा वाकडा खांदा घेऊन गेली.

मी तासाभरात कॅलिपर जोडला. नव्या कड्या, नव्या पट्ट्या, पांढरं ग्रीस, नवं ब्रेक ऑइल. आतली हवा काढली. डिस्क पॉलिश पेपरनं घासून घासून पांढरी केली. इतकं नीट काम मी त्याआधी कधी केलं नसेल. आबांनी एका बोटानं चाकाला धक्का दिला. ते आवाज न करता फिरत राहिलं. थांबेपर्यंत आबा बघत होते.

"बघ की," ते म्हणाले. "गाडी बिचारी चांगलीच हाय." आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं.

संध्याकाळी घरी जाताना मी हिरण्यकेशीच्या पुलावर थांबलो आणि कपटा पाण्यात टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात विजू आजऱ्यातून गेली. बदली मागून घेतली, एवढं कळलं. सोनारमेटला वर्षभर कोणी गेलं नाही. मग एक नवीन आरोग्यसेवक आला, तो महिन्यातून एकदा, रस्ता सुका असला तर जायचा. मेटावरच्या बायका पोरं काखेत घेऊन उतरून यायच्या. माझ्या गॅरेजसमोर सावलीला बसायच्या, पाणी मागायच्या. मी द्यायचो.

दर नाताळच्या आधी मी चर्चमध्ये गुडघे टेकून पापं सांगितली. दारू प्यालो ते सांगितलं, बायकोवर हात उगारला ते सांगितलं. हे एक जिभेवर आलं नाही.

आबांना जाऊन आता चार वर्षं होतील. मी मयतीला गेलो होतो. आमच्या आळीत माणूस गेला की जातपात, चर्च-देऊळ कोणी बघत नाही. मी खांदाही दिला. विजू आली होती. बायकांच्या घोळक्यात लांब, भिंतीला टेकून उभी होती. मी तिकडं बघितलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी असं झालं. लुसी सतरा वर्षांची झालेली. गॅरेजात येऊन मला गाडी शिकव म्हणून मागं लागायची. दुपारी जेवताना तिनं परत विषय काढला, तर मार्था ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "गाडीबिडी काय नको. होडग्याची विजी व्हायचंय काय तुला?"

"कोण होडग्याची विजी?" लुसीनं विचारलं.

"व्हती एक. सख्ख्या आईला गाडीवरनं पाडून मारलं तिनं. आजऱ्यात अजून पोरींना तेच सांगत्यात."

मी ताटावरून उठलो. मार्थाला वाटलं, तिखट लागलं.

मार्था खोटं बोलली नव्हती. नंतर मी कान देऊन ऐकायला लागलो, तेव्हा कळलं. पेट्रोल पंपावर कोणी मुलगी नवी स्कूटर घेऊन आली की कोणीतरी म्हणायचं, जपून गं, होडग्याच्या विजीवाणी करू नको. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी विजूला कधी पाहिलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी मार्थाला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं फडक्यात भाकरी बांधून माझ्यापुढं ठेवली. "साताऱ्याला हाय म्हणं ती," म्हणाली. "औषधांच्या गोदामात. जावा."

रविवार होता. पत्ता शोधून पोचायला तीन वाजले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दारात कोरफडीची कुंडी. विजूनं दार उघडलं. केस अर्धे पांढरे झाले होते. तिनं मला लगेच ओळखलं, पण आत या म्हणायला तिला थोडा वेळ लागला.

तिनं चहा केला. मी कप हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. शनिवारपासून सुरू केलं, नळी कापून बघितली इथपासून. सांगताना मी फरशीकडं बघत होतो. सांगून झाल्यावर तिनं एकेक विचारायला सुरुवात केली, पेशंटला विचारावं तसं.

"ग्रीस किती घातलं होतं?"

"हरभऱ्याएवढं."

"तेवढ्यानं होतं?"

"होतं."

"ती निळी डिस्क?"

"तापून झालेली. मेटावरनं निघाल्यापासून ब्रेक धरतच आला असणार. तू म्हणालीस तसं, जड ओढत असणार."

"तुम्हाला कधी कळलं?"

"खोललं तवाच."

"म्हणजे मी यायच्या आधी."

"व्हय."

"आणि आबांनी शपथ घातली तेव्हा?"

"रबर माझ्या खिशात व्हतं."

तिनं उजवा हात मांडीवर पसरला. बोटं उघडली, मिटली. पुढचा ब्रेक या हाताला असतो.

"मी सुई टोचायचं सोडलं, ठाऊक आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "हात थरथरत होता म्हणून नाही. अगदी स्थिर असायचा. त्याचीच भीती वाटायची. या हातानं एकदा मला न विचारता काम केलंय, परत करील. समोर कोणाचं तरी तीन महिन्यांचं पोर असायचं. म्हणून मग गोदामात मागून घेतलं. इथं खोकी असतात. खोक्यांना काही होत नाही."

मी कप खाली ठेवला.

"आबा शेवटी तीन दिवस शुद्धीवर होते," ती म्हणाली. "पंडितनं कळवलं म्हणून मी गेले. चमच्यानं पाणी घालायला लागले तर त्यांनी ओठ मिटून घेतले. पंडितच्या बायकोनं तोच चमचा घेतला, तर प्यायले."

"मी मयतीला आलो व्हतो, विजू."

"बघितलं मी. तुम्ही खांदा दिलात."

बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली होती. ती भरून वाहायला लागली तरी कोणी येत नव्हतं. विजू उठली. मला वाटलं, नळ बंद करायला निघाली. पण तिनं फळीवरून एक वही घेतली, मधलं कोरं पान फाडलं, आणि पेनासकट माझ्यापुढं ठेवलं.

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"आत्ता सांगितलंत ते."

"पंडितला दाखवायला?"

"ते मी बघीन. आधी मी वाचणार आहे."

मी लिहिलं. माझं अक्षर वाईट, गॅरेजच्या पाटीवर नाव लिहिण्यापलीकडं सवय नाही. अर्धा तास लागला. मी रुझार बारदेस्कर, राहणार आजरा, असं सुरू केलं. नळीचं लिहिलं, ग्रीसचं लिहिलं. विजयमालानं पुढचा ब्रेक दाबला नव्हता, चाक माझ्या कामामुळं धरलं, हे लिहिलं. शेवटी लिहिलं, माझ्या हातून चूक झाली आणि विचारल्यावर सांगायचं राहून गेलं.

ती खिडकीजवळ उभी राहून वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट बराच वेळ थांबलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती कागद घेऊन माझ्याकडं आली.

"'चूक झाली' हे राहू दे," ती म्हणाली. "घाई होती, तुमच्याकडं नळी नव्हती. माणसाच्या हातून होते. माझ्याही हातून झाल्यात. पण हे खालचं बरोबर नाही. हे राहून गेलं नाही, दादा."

मी पेन घेतलं. 'सांगायचं राहून गेलं' यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, विचारल्यावर खोटं सांगितलं.

"दोनदा," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"एकदा मला आणि एकदा आबांना. दोनदा खोटं सांगितलं, असं लिहा."

मी 'दोनदा' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. तिनं कागदाची घडी केली आणि आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

मी बसून राहिलो. चहावर साय धरली होती. नळाची बादली कोणीतरी येऊन नेली. बऱ्याच वेळानं मी एकदा "विजू" म्हणून हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. मग मी कप मोरीत ठेवला, दारात येऊन चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.